काचेच्या महालात जळालेला अजिंठा

सिल्लोडहून जळगावच्या एसटीत तुम्ही कितीदा बसला असाल. गोळेगाव मागे पडलं की अजिंठा गाव येतं आणि पुढे घाट. लेणी बघायची म्हणून आपण गावात उतरतच नाही, थेट खाली जातो. पण याच गावात, इथल्या बारादरीत, एक ब्रिटिश चित्रकार कित्येक वर्षं राहिला. त्याचं नाव रॉबर्ट गिल.

आता तुम्ही म्हणाल, हा तर पारोवाला गिल! बरोबर. ना. धों. महानोरांची ‘अजिंठा’ ही दीर्घकविता आणि २०१२ मध्ये आलेला नितीन देसाईंचा सिनेमा, यांमुळे गिल आणि पारोची प्रेमकहाणी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पारोची कबर अजिंठा गावात आहे आणि तिच्यावर २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख कोरलेली आहे. पण या गोष्टीच्या नादात गिलचं काम मात्र आपण विसरून गेलो. ते काम लंडनला गेलं, एका भव्य महालात लागलं आणि जळून गेलं.

सुरुवातीपासून सांगते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीला फिरताना ही लेणी दिसली आणि बाहेरच्या जगाला ती कळली. भिंतींवरची चित्रं तेव्हाच खराब होत चालली होती. ओल, वटवाघळं आणि आठवण म्हणून रंगाचे पोपडे काढून नेणारे पाहुणे. चित्रं पूर्ण जायच्या आत त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, असं ठरलं. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये हे काम मद्रास आर्मीतल्या कॅप्टन गिलकडे दिलं. तो तेव्हा चाळिशीचा होता.

काम किती अवघड होतं बघा. लेणीत अंधार. मूळ चित्रं जेवढी मोठी, तेवढाच मोठा कॅनव्हास. त्यावर तैलरंगात आकृती न् आकृती उतरवायची. वर जंगल, पावसाळा आणि वरचेवर येणारा ताप. वाघाच्या शिकारीचा नाद असलेला हा माणूस वर्षानुवर्षं त्याच भिंतींसमोर उभा राहिला. सुमारे वीस वर्षांत तीसच्या आसपास मोठी चित्रं झाली आणि टप्प्याटप्प्याने बोटीने लंडनला गेली.

तिथे त्यातली बहुतेक चित्रं सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली. लोखंड आणि काचेचा हा प्रचंड महाल १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हाइड पार्कात बांधला होता. तो उचलून सिडनहॅमला नेला आणि १८५४ मध्ये लोकांसाठी खुला झाला. देशोदेशीच्या कलेची दालनं एकीकडे आणि मधल्या भागात संगीत, असा तिथला थाट.

संगीत कोणाचं? हँडेलचं. साधारण १६०० ते १७५० या काळातल्या युरोपीय संगीताला बरोक म्हणतात. बाख आणि हँडेल ही त्यातली मोठी नावं. हँडेल जन्माने जर्मन, पण आयुष्य लंडनमध्ये गेलं. १८५९ मध्ये त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा क्रिस्टल पॅलेसमध्ये दोन हजारांहून जास्त गायकांनी त्याच्या रचना गायल्या. मग दर तीन वर्षांनी हा उत्सव भरू लागला. म्हणजे हँडेलसाठी जिथे गर्दी लोटायची, त्याच छताखाली आपल्या अजिंठ्याच्या नकलाही पोचल्या होत्या. ज्या लोकांनी भारत कधी पाहिला नव्हता, त्यांना तिथे अजिंठा दिसत होता.

३० डिसेंबर १८६६ ला महालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. गिलची तिथे लावलेली चित्रं त्यात खाक झाली. प्रदर्शनात नसलेली चार-पाच तेवढी वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

हे वाचताना मला एक गोष्ट फार लागली. आगीनंतर १८६८ मध्ये हँडेल उत्सव पुन्हा भरला. संगीत कागदावर लिहिलेलं होतं. त्याच्या प्रती कितीतरी ठिकाणी होत्या. गायक जमले की ते पुन्हा उभं राहिलं. चित्राचं तसं नसतं. गिलच्या चित्रांची दुसरी प्रत नव्हती. आणि त्याने पाहिलेली भिंतसुद्धा तशीच राहिली नव्हती.

पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. १८८५ मध्ये लंडनमधल्या आगीत त्यातल्याही बऱ्याच जळाल्या! शिवाय नकला करताना मूळ चित्रांवर चढवलेल्या व्हार्निशने त्यांचं नुकसान झालं, तेही विसरून चालणार नाही.

गिलने मात्र अजिंठा सोडला नाही. आगीच्या आधीपासूनच त्याच्या हातात कॅमेरा आला होता. त्याने काढलेल्या फोटोंची दोन पुस्तकं, जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह, १८६४ मध्येच निघाली होती. सत्तरी ओलांडल्यावर तब्येत ढासळली. भुसावळला नेताना वाटेतच १० एप्रिल १८७९ ला तो गेला. त्याची कबर भुसावळला आहे, पारोची अजिंठ्यात.

पुढच्या वेळी लेणी बघायला निघालात तर अजिंठा गावात एकदा उतरा. बारादरी बघा. आणि लेणीत गेल्यावर फ्लॅश बंद ठेवा, भिंतीला हात लावू नका. ज्या नकला जपायच्या म्हणून पाठवल्या त्या जळाल्या, आणि जी भिंत जाईल म्हणून घाई केली ती, थोडीफार का होईना, अजून आपल्याकडे आहे.