सहापट ताकदीचा हिशेब

सार्वजनिक बांधकामाच्या अंदाजपत्रकाला कात्री लावताना प्रथम दृष्टी जाते ती ‘जादा’ ताकदीवर. ही जादा ताकद कशासाठी ठेवावयाची, याचे उत्तर झुलत्या पुलांचे थोर अभियंते जॉन रोबलिंग यांच्या चरित्रात सापडते.

रोबलिंग यांचा जन्म १८०६ मध्ये प्रशियातील म्यूलहाउझेन येथे झाला. बर्लिनमध्ये स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८३१ साली ते अमेरिकेत गेले. तेथे शेतीत मन रमेना, म्हणून ते कालव्यांच्या कामावर लागले. पेनसिल्व्हेनियात कालव्यातील नावा डोंगरापलीकडे ओढून नेत असत. त्यासाठी वापरले जाणारे वाखाचे दोरखंड महाग असूनही लवकर झिजत. १८४१ मध्ये रोबलिंग यांनी त्याऐवजी तारांचा दोर वळला. याच विद्येच्या बळावर १८५५ मध्ये त्यांनी नायगाराच्या घळीवर आगगाडीचा झुलता पूल उभारला.

अशा पुलाचा रस्ता उभ्या तारांनी मुख्य तारदोरांना टांगलेला असतो. दोर ताण सोसतात, मनोरे दाब सोसतात आणि दोरांची टोके काठांवरील अवजड चिरेबंदीत जखडलेली असतात. दगडाला दाब पेलतो, ताण पेलत नाही. म्हणून पुलाचे सारे भवितव्य तारेवर अवलंबून असते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलासाठी रोबलिंग यांनी लोखंडाऐवजी पोलादी तार योजिली. दोरांची ताकद गरजेच्या सहापट धरण्यात आली.

तो पूल पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८६९ मध्ये मोजणीच्या वेळी नावेच्या धक्क्याने पाय चिरडला आणि धनुर्वाताने त्यांचा अंत झाला. काम पुत्र वॉशिंग्टन यांनी हाती घेतले. पाण्याखालील पायाच्या कामात त्यांचेही शरीर कायमचे खचले. १८७८ मध्ये तारेच्या पुरवठादाराची लबाडी उघडकीस आली. तपासणीत उतरलेली तार वाटेत बदलून नापास तार पुलावर धाडली जात होती. दोरांत गुंफली गेलेली ती तार काढणे अशक्य होते. प्रत्येक दोरात सुमारे दीडशे तारा वाढविण्यात आल्या. सहापट ताकद पाचपटीवर आली, तरी पूल सुरक्षित राहिला. १८८३ मध्ये खुला झालेला तो पूल आजही वाहतूक पेलतो आहे.

गणिताच्या दृष्टीने अनावश्यक वाटणारी ती ताकद अखेर माणसाच्या अप्रामाणिकपणाची भरपाई करण्यास उपयोगी पडली. काटकसर हा सद्गुण खराच. परंतु ज्या वास्तूवर हजारोंचे प्राण टांगलेले असतात, तेथे सुरक्षिततेचा वाटा छाटणे ही काटकसर नव्हे. ती उधारी होय, आणि तिची वसुली पुढच्या पिढीकडून होते.