सीताफळाच्या कुळापासून कर्करोगापर्यंत

करमाडला एखाद्या घरी कॅन्सरचे नाव निघाले, की तपासणीचा कागद हाती पडण्याआधी पथ्याची यादी तयार होते. दूध बंद, साखर बंद, वांगे वातूळ, दही थंड, अंडे उष्ण. सांगणारे आपुलकीनेच सांगतात. रोगी मात्र आठवड्यागणिक वाळत जातो. अशा वेळी मला डॉ. कमल रणदिवे यांचे चरित्र आठवते.

कमलाबाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा. मुलीने वनस्पतिशास्त्र घेतले आणि १९३९ मध्ये गणिती ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केले. एम.एस्सी.साठी त्यांनी पेशीविज्ञानाच्या अंगाने अभ्यासले ते सीताफळाचे कुळ. आपल्या मराठवाड्याच्या डोंगरउतारांवर फुकट उगवणाऱ्या झाडाचे!

पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्या कर्करोगाकडे वळल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या. १९५१ मध्ये मानवी कर्कपेशींचा पहिला अमर वंश, 'हेला', तिथेच वाढला. ते तंत्र कमलाबाईंनी मुंबईत आणून ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर काम करून स्तनाच्या कर्करोगाचा अनुवंशाशी आणि संप्रेरकांशी असलेला संबंध त्यांनी शोधला. परदेशी राहिल्या असत्या तर सोयी अधिक मिळाल्या असत्या. त्या परतल्या, हे मला फार मोलाचे वाटते.

आता योगायोग पाहा. त्याच सीताफळाच्या कुळातले लक्ष्मणफळ आज कॅन्सरवरचा रामबाण म्हणून खपवले जाते. प्रयोगशाळेतल्या बशीत त्याचा अर्क कर्कपेशी मारतो हे खरे, पण माणसाचा रोग त्याने बरा झाल्याचा पुरावा नाही. बशीतली पेशी आणि खाटेवरचा माणूस यांच्यात केवढे अंतर असते, हे ऊतिसंवर्धन करणाऱ्याइतके कोणाला कळणार?

साखरेचेही तसेच. कर्कपेशी साखर वापरतात, पण आपली प्रत्येक पेशी ती वापरते. भात-पोळी तोडली म्हणून गाठ उपाशी राहत नाही. शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर बनवते. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या मला तर हे मुदत ठेव मोडून रोजचा खर्च भागवण्यासारखे वाटते. वजन फार उतरले, की केमोथेरपीची मात्रा कमी करावी लागते किंवा पुढे ढकलावी लागते. म्हणून वरण, अंडी, दूध, पनीर, शेंगदाण्याचे कूट पोटात जायला हवे. अन्नावरची वासनाच उडते, तेव्हा दोन मोठ्या जेवणांऐवजी सहा वेळा थोडे थोडे द्यावे. तोंड आले असेल तर मऊ खिचडी, आंबील, तिखट नको. खरे पथ्यही आहेच: पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना उघड्यावरचे, कच्चे, शिळे टाळायचे. आणि कोणतेही चूर्ण डॉक्टरांना विचारल्यावाचून घ्यायचे नाही. ते औषधाशी भांडू शकते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आहार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

कमलाबाईंचे लक्ष पुढे अन्नाकडेही गेले. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यानंतर घरी बसून मानसन्मान मिरवता आले असते. बाई गेल्या अकोले तालुक्यात, राजूरच्या डोंगरात. आदिवासी मुलांचे रक्त तपासले, पोषण पाहिले. गावातल्या बायांना आरोग्याचे आणि आहाराचे धडे मिळावेत म्हणून काम उभे केले. ज्या हातांनी कर्कपेशी वाढवल्या, ते आता मुलांच्या ताटात काय पडते याची चौकशी करीत होते. २००१ मध्ये त्या गेल्या.