पावलांनी देश मोजणारे आजोबा : इनो तादाताका



सहल ठरली की तुमचा पहिला प्रश्न असतो, "किती लांब आहे?" आम्ही नकाशा उघडतो आणि अंतर सांगून मोकळे होतो. ते अंतर कधी काळी कोणीतरी पायी चालून मोजले असेल, हे मात्र आपल्या मनातही येत नाही. या अंकात आम्ही अशाच एका माणसाची ओळख करून देत आहोत. जपान या बेटांच्या देशाचा किनारा त्यांनी पायी मोजला, आणि कामाला सुरुवात केली तेव्हा त्यांचे वय होते ५५ वर्षे!

इनो तादाताका यांचा जन्म १७४५ साली जपानच्या पूर्व किनाऱ्यावरील कुजुकुरी भागात झाला. लहानपणीच आई गेली. हुशार मुलगा, पण परिस्थिती बेताची. सतराव्या वर्षी सावारा गावच्या इनो घराण्यात ते घरजावई म्हणून गेले आणि त्याच घराण्याचे नाव त्यांना मिळाले. या घराचा तांदळापासून मद्य बनवण्याचा आणि धान्याचा व्यापार होता, पण तो उतरणीला लागला होता. तादाताकांनी काटकसर आणि मेहनत करून तो पुन्हा उभा केला. गावचा कारभारही त्यांच्याकडे आला. १७८० नंतरच्या दशकात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी धान्य मिळवून गावातल्या गरिबांना वाटले.

गणित आणि आकाशातले तारे यांची गोडी त्यांना पहिल्यापासून होती, पण संसाराच्या धबडग्यात सवड मिळाली नाही. अखेर व्यापार मुलाच्या हाती सोपवून १७९५ साली ते एदो शहरी, म्हणजे आजच्या टोकियोत, आले. तेथे ताकाहाशी योशितोकी या खगोलशास्त्रज्ञाकडे त्यांनी शिष्यत्व पत्करले. गुरू शिष्यापेक्षा १९ वर्षांनी लहान होते! आपल्याकडेही वयाचा मान मोठा असतो. नातू शोभेल अशा नव्हे, पण मुलगा शोभेल अशा माणसापुढे पाटी-पेन्सिल घेऊन बसायला मन किती मोकळे लागत असेल, याचा विचार पालकांनीही करावा.

त्या काळी गुरू-शिष्यांना एका प्रश्नाने घेरले होते. पृथ्वी केवढी आहे? आपण उत्तरेकडे जाऊ लागलो की ध्रुवतारा आकाशात वर चढताना दिसतो. तो बरोबर एक अंश वर यायला जमिनीवर किती चालावे लागते, हे कळले की त्याला ३६० ने गुणायचे. पृथ्वीचा घेर हाती येतो. तादाताकांनी उत्साहाने आपल्या घरापासून वेधशाळेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले आणि हिशेब मांडला. गुरूंनी तो मान्य केला नाही. अंतर इतके थोडे, की मोजण्यातली जराशी चूक गुणाकारात प्रचंड होईल. खरे उत्तर हवे तर फार दूर, थेट उत्तरेच्या एझो बेटापर्यंत जायला हवे. एझो म्हणजे आजचे होक्काइदो.

पण तेव्हा मनाला येईल तसे हिंडता येत नसे. राज्य शोगुनचे होते आणि प्रवासाला परवानगी लागे. उत्तरेकडे रशियन जहाजे येऊ लागल्यामुळे सरकारला त्या किनाऱ्याची चिंता होती. किनाऱ्याचा नकाशा काढून देतो, असे सांगून ही परवानगी मिळवण्यात आली. १८०० साली मुलगा, काही शिष्य आणि नोकर यांच्यासह तादाताका निघाले. खर्चाचा मोठा वाटा त्यांनी स्वतःच उचलला.

पहिल्या प्रवासात मुख्य साधन होते स्वतःचे पाऊल. ते सारखेच पडावे याचा त्यांनी सराव केला होता. त्यांचे एक पाऊल सुमारे ६९ सेंटिमीटरचे. दिवसभर पावले मोजायची, होकायंत्राने दिशा घ्यायची आणि रात्री आकाश निरभ्र असेल तर ताऱ्यांची उंची मोजायची. दिवसाची चूक रात्रीच्या ताऱ्यांवरून ताडून पाहता येई. पुढच्या प्रवासांत दोर आणि लोखंडी साखळ्या आल्या. कडे, खडक, वाळू, पाऊस काहीही असो, जे मोजले ते त्या त्या दिवशी वहीत उतरे.

एका अंशाचे अंतर त्यांनी काढले २८.२ री, म्हणजे सुमारे ११०.७५ किलोमीटर. आजच्या मोजमापाशी ताडले तर चूक शेकडा अर्ध्या भागाहूनही कमी आहे. पुढे युरोपातला खगोलशास्त्राचा एक ग्रंथ गुरूंच्या हाती पडला. त्यातला आकडा शिष्याच्या आकड्याशी जुळला आणि दोघांना अतिशय आनंद झाला. दुर्दैवाने गुरू १८०४ सालीच, ऐन चाळिशीत वारले.

त्याच वर्षी पूर्व जपानचा नकाशा शोगुनने पाहिला. त्यानंतर पश्चिमेच्या मोजणीचे काम सरकारी झाले. १८१६ पर्यंत एकूण दहा मोहिमा झाल्या. नवव्या मोहिमेला मात्र वयामुळे त्यांना जाता आले नाही. दात पडले, आवडते लोणचे चावता येईना, असे त्यांनी मुलीला कळवले होते. पण काम थांबले नाही. सारी चाल मिळून ३५ ते ४० हजार किलोमीटर भरते, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या घेराइतकी!

१८१८ साली त्यांचे निधन झाले. नकाशा अजून अपुरा होता. शिष्यांनी गुरूच्या मृत्यूची बातमी जाहीर न करता काम चालू ठेवले आणि १८२१ साली नकाशा पूर्ण करून त्यांच्याच नावाने सादर केला. त्यात मोठ्या नकाशाचे २१४, मध्यम नकाशाचे ८ आणि छोट्या नकाशाचे ३ भाग होते. उत्तर होक्काइदोची मोजणी मामिया रिन्झो यांची होती. नकाशात उणिवाही होत्या. अचूक घड्याळे नसल्याने रेखांश काही ठिकाणी चुकले होते. तरीही पुढे इंग्रज आरमाराच्या मोजणीदारांनीही हा नकाशा वापरण्याजोगा मानला.

आम्हा हैदराबादकरांना एक गोष्ट विशेष वाटेल. त्याच काळात, १८०२ साली, विल्यम लॅम्टन यांनी मद्रासहून हाच एका अंशाचा प्रश्न हाती घेतला होता. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवत असताना १८२३ साली विदर्भात हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसे एकच पृथ्वी मोजत होती!

आज कुजुकुरीच्या किनाऱ्यावरून सायकलमार्ग जातो. चोशीपासून वाकायामापर्यंत १,४०० किलोमीटरहून लांब असलेल्या या मार्गावर हौशी मंडळी समुद्र उजवी-डावीकडे ठेवत सायकली हाकतात. अंतराच्या पाट्या वाचत ती पुढे जातात. तादाताकांना तो प्रत्येक आकडा स्वतः चालून मिळवावा लागला होता. टोकियोत ते आपल्या इच्छेनुसार गुरूंच्या शेजारी विसावले आहेत.

मुलांनो, या सुटीत एक उद्योग करा. दहा मीटर दोरी मोजून तिच्याकडेने चाला आणि आपल्या एका पावलाची लांबी काढा. मग घरापासून शाळेपर्यंत पावले मोजा, तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही आकडे सारखे येणार नाहीत. ते का आले नाहीत, हे वहीत लिहून आम्हाला आणून दाखवा. उत्तम वह्या पुढच्या अंकात छापू. आईबाबा आणि आजी-आजोबांनीही मोजायला हरकत नाही. वयाची अट नाही, हे आता आपल्याला माहीत झालेच आहे.

– संपादक मंडळ