फुलांना नावाने ओळखणारे धर्मगुरू : फादर सांतापाव



पावसाळा ओसरू लागला की आपल्या दरेकसा-कचारगडच्या टेकड्यांवर कितीतरी फुले दिसतात. आपण त्यांना ‘रानफुले’ म्हणतो आणि पुढे जातो. त्यांतल्या प्रत्येकाला वेगळे नाव आहे, हे दाखवून देण्यासाठी एका धर्मगुरूने आपले आयुष्य वेचले. त्यांची ओळख आज करून घेऊ या.

फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म 1903 साली स्पेनमध्ये झाला. येशूसंघात प्रवेश करून 1928 मध्ये ते भारतात आले आणि पुढे भारताचेच नागरिक झाले. 1940 पासून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले. त्याच महाविद्यालयात त्यांच्या आधी स्विस येशूसंघीय फादर ब्लॅटर यांनी हे काम रुजवले होते. वाळवलेल्या वनस्पतींचा तेथील संग्रह आजही ब्लॅटर यांच्या नावाने ओळखला जातो.

फादर सांतापाव केवळ पुस्तकांवर विसंबणारे नव्हते. खंडाळ्याच्या डोंगरवाटा त्यांनी अनेक वर्षे, निरनिराळ्या ऋतूंत तुडवल्या. एका फेरीत डोंगर कळत नाही. तेथील कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते. ज्याला तिचे फूल पाहायचे, त्याने वाट पाहायला शिकले पाहिजे. या चिकाटीतून खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ 1953 मध्ये प्रसिद्ध झाला.

1954 साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची नव्याने उभारणी झाली, तेव्हा सरकारने त्यांना मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बोलावले. पुढे ते तिचे संचालक झाले. 1967 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 13 जानेवारी 1970 रोजी ते प्रभूच्या घरी गेले. कंदीलपुष्पाच्या एका जातीला आज त्यांचे नाव आहे.

कोणी विचारील, आत्म्यांची काळजी वाहायची सोडून धर्मगुरूने गवतात का बसावे? उत्तर सोपे आहे. प्रभूने शिष्यांना रानातील फुलांकडे नीट पाहायला सांगितले. फादर सांतापाव यांनी ते अक्षरशः केले. ज्याची ओळख नाही त्याचे रक्षण आपण करत नाही, मग ते झाड असो वा शेजारी.

आपणही सुरुवात करू शकतो. पानाचे टोक वेलीसारखे वळून आधार धरते आणि फुलाच्या नागमोडी पाकळ्या पिवळ्या-लाल ज्वाळेसारख्या दिसतात, ती कळलावी. तिचा कंद विषारी असतो, मुलांना सांभाळा. गुलाबी फुलामागे बारीक शेपटी दिसली, तर तो तेरडा. गुलाबी तुऱ्यात लहान पिवळी फुले लपलेली असतील, तर ती रानहळद. पान, पाकळ्या, जागा आणि तारीख वहीत लिहा. फूल मात्र तोडू नका. गावातील वडीलधाऱ्यांना आणि जंगलात राहणाऱ्या आपल्या आदिवासी बांधवांना त्याचे नाव विचारा. त्यांच्याकडे फार जुने ज्ञान आहे.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली आपल्या परिपत्रकात सृष्टीला सर्वांचे सामाईक घर म्हटले. या घरातील लहानातल्या लहान सोबत्यालाही ओळखण्याची दृष्टी प्रभू आपणास देवो.