कै. भाऊसाहेब बांदोडकर : पुण्यस्मरण

तेरेखोल नदीपलीकडचे पेडणे सिंधुदुर्गवासीयांना परके नाही. त्याच पेडण्यात १२ मार्च १९११ रोजी कै. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म झाला. खाणधंद्यात त्यांनी लौकिक व संपत्ती मिळविली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि या उद्योगपतीच्या आयुष्याला निराळे वळण लागले. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला यश लाभले. स्वतः उमेदवार नसतानाही भाऊसाहेब वयाच्या ५२ व्या वर्षी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

बहुजन समाजाच्या दारी त्यांनी विद्या नेली. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला आधार मिळाला.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही त्यांची मनीषा होती. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये त्यांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी लोकांनी ३४,०२१ मताधिक्याने विलीनीकरण नाकारले. स्वप्न भंगले, तरी भाऊसाहेबांनी जनतेकडे पाठ फिरविली नाही. त्याच जनतेने लगेच मार्चमध्ये आणि पुढे १९७२ मध्येही कारभार त्यांच्याच हाती दिला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदी असतानाच ते निवर्तले.

धन मिळविणारे पुष्कळ असतात. हाती आलेली सत्ता गरिबाच्या पाटी-पेन्सिलीसाठी आणि कुळाच्या शेतासाठी वेचणारे विरळा. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी ग्रामस्थांनी व देणगीदारांनी अशा शेजारधर्मी पुरुषाचे स्मरण ठेवणे उचित होय.