धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम : गरिबाचा जिना चढणारा प्राध्यापक



संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेचे नाव आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. कोणाच्या घरी धान्य पोहोचवणे, कोणा विधवेच्या औषधांचा खर्च उचलणे, कोणा मुलाची शाळेची फी भरणे, अशी कामे या संस्थेचे सभासद गाजावाजा न करता करत असतात. नावावरून पुष्कळांचा समज होतो की ही संस्था संत व्हिन्सेंट यांनीच स्थापन केली. परंतु संत व्हिन्सेंट १६६० साली देवाघरी गेले आणि संस्था सुरू झाली १८३३ साली. ती सुरू करणारे धर्मगुरू नव्हते की मठवासी नव्हते. ते होते कॉलेजात शिकणारे काही तरुण आणि त्यांच्या पाठीशी उभा राहिलेला एक प्रापंचिक गृहस्थ. त्या तरुणांमध्ये पुढे असलेल्या फ्रेडरिक ओझानाम यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

फ्रेडरिक यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी झाला. आईवडील फ्रेंच. वडील डॉक्टर होते. १८१६ साली हे कुटुंब फ्रान्समधील लिऑन शहरी राहायला आले. त्या घरात चौदा मुले जन्मली, पण मोठी होईपर्यंत जगली ती फार थोडी. फ्रेडरिकची लाडकी मोठी बहीण एलिझा तो सात वर्षांचा असताना वारली. मरण या घराला परके नव्हते. कदाचित त्यामुळेच दुसऱ्याचे दुःख या घराला लवकर कळत असे.

वडील गरीब रोग्यांवर पैसे न घेता उपचार करीत. आईही आजारी बायकांच्या घरी जाई. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. वय झाल्यावर दोघांनी एकमेकांकडून वचन घेतले की चौथ्या मजल्याच्या वर कोणी चढायचे नाही, कारण शहरातले गरीब सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत. आणि मग एके दिवशी दोघांची गाठ पडली ती अशाच एका उंच जिन्यावर! एकमेकांना चुकवून दोघेही रोग्याकडे निघाले होते. पुढे १८३७ साली एका गरीब रोग्याला पाहायला गेले असताना जिन्यावरून पडूनच वडिलांचा अंत झाला. सेवा म्हणजे काय हे फ्रेडरिक असे घरातच शिकला.

तरीही श्रद्धा त्याला आयती मिळाली नाही. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याच्या मनात शंकांचे काहूर माजले. देव आहे का, धर्म खरा का, या प्रश्नांनी त्याची झोप उडवली. त्याच्या कॉलेजात आबे न्वारो नावाचे धर्मगुरू तत्त्वज्ञान शिकवीत असत. त्यांनी त्याला दटावले नाही. त्याला बरोबर घेऊन ते लांब लांब फिरायला जात आणि त्याचे ऐकून घेत. हळूहळू मन शांत झाले. त्याच वेळी फ्रेडरिकने ठरवले की आपले आयुष्य सत्याच्या सेवेला वाहायचे. आपल्या घरातली मुले अशा शंका विचारू लागली की आपण घाबरतो. या धर्मगुरूंचे उदाहरण अशा वेळी आठवावे.

१८३१ साली फ्रेडरिक कायदा शिकायला पॅरिसला गेला. तिथे तो राहिला आंद्रे-मारी अँपिअर या थोर शास्त्रज्ञाच्या घरी. आपल्या घरातल्या विजेच्या फ्यूजवर ज्यांचे नाव असते तेच हे अँपिअर. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण भक्तिमान कॅथलिक. त्यांच्या सहवासाने फ्रेडरिकला धीर आला. कारण विद्यापीठातले वातावरण निराळे होते. ख्रिस्ती धर्माचे दिवस संपले असे तिथले प्राध्यापक उघड शिकवीत. फ्रेडरिक आणि त्याचे मित्र वर्गात उठून त्यांना उत्तरे देत. शिवाय एमॅन्युएल बाय्यी या सज्जन संपादकाच्या आश्रयाने त्यांचे एक चर्चामंडळ भरत असे. तिथे श्रद्धावान आणि अश्रद्ध दोघेही येऊन वाद घालत.

अशाच एका सभेत एका विरोधकाने त्यांना टोकले. तुमच्या ख्रिस्तसभेने पूर्वी मोठी कामे केली हे कबूल, पण आज ती गरिबांसाठी काय करते आणि तुम्ही स्वतः काय करता, असे त्याने विचारले. प्रश्न बोचरा होता आणि खराही होता. आदल्याच वर्षी, १८३२ साली, पॅरिसमध्ये कॉलऱ्याने सुमारे १८ हजार माणसे दगावली होती. कामगारांच्या वस्त्यांत उपासमार होती. आणि हे तरुण वादविवाद जिंकत बसले होते.

फ्रेडरिकने त्या माणसाला शब्दांनी उत्तर दिले नाही. तो आणि त्याचा मित्र ल तायांदिए यांच्याकडे हिवाळ्यासाठी थोडे सरपण शिल्लक होते. ते उचलून दोघांनी एका गरिबाच्या घरी नेऊन दिले, असे सांगतात. मग २३ एप्रिल १८३३ रोजी सहा विद्यार्थी बाय्यी यांच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जमले. बाय्यी अध्यक्ष झाले. त्या दिवशी फ्रेडरिकला विसावे वर्ष पूर्ण झाले होते.

गरिबांची सेवा करायची, पण कशी, हे या मुलांना ठाऊक नव्हते. म्हणून ती गेली सिस्टर रोझाली रेंद्यू यांच्याकडे. संत व्हिन्सेंट आणि संत लुईज यांनी १६३३ साली स्थापन केलेल्या सिस्टरांच्या संघातल्या या सिस्टर पॅरिसच्या अगदी गरीब वस्तीत काम करीत. त्यांनी मुलांना कुटुंबांची नावे दिली, पाव आणि सरपण मिळण्याच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गरिबाशी कसे बोलायचे, कसे ऐकायचे हेही शिकवले. २००३ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले.

फ्रेडरिकच्या वाट्याला आलेले पहिले कुटुंब कसे होते? पाच मुलांची आई राबत होती आणि तिचा पुरुष तिची कमाई दारूत उडवून वर तिलाच मारीत होता. केवळ पाव देऊन हे दुःख संपणारे नव्हते. फ्रेडरिकने चौकशी केली, तेव्हा त्या दोघांचे कायदेशीर लग्नच झालेले नाही असे आढळले. मग कायद्याचा आधार घेऊन त्याने त्या बाईची सुटका केली. वर्गणी जमवून तिला धाकट्या मुलांसह तिच्या गावी पाठवले आणि मोठ्या दोघा मुलांना बाय्यींच्या छापखान्यात कामाला लावले. जो घरी जातो त्यालाच घरची खरी अडचण कळते, ती अशी.

या मंडळींची रीत साधी होती. दर आठवड्याला सभा, सुरुवातीला प्रार्थना, मग प्रत्येकाने भेट दिलेल्या घराची हकिकत. शेवटी एक पिशवी फिरवायची. तिच्यात कोणी किती टाकले हे कोणाला कळू द्यायचे नाही. मदत घेणाऱ्याचे नावही बाहेर जाऊ द्यायचे नाही. पुढच्या वर्षी त्यांनी संत व्हिन्सेंट यांना आपले आश्रयदाते संत मानले. सभासद शंभरावर गेले तेव्हा एका मंडळाची अनेक मंडळे झाली. ही रीत मुळात आजही तशीच आहे.

फ्रेडरिक पुढे कायद्याचे आणि साहित्याचे असे दोन्ही विषयांचे डॉक्टर झाले. काही काळ त्यांनी लिऑनमध्ये व्यापारी कायदा शिकवला. १८४१ साली त्यांचे अमेली सुलाक्रुआ यांच्याशी लग्न झाले. लग्न २३ जूनचे, म्हणून दर महिन्याच्या २३ तारखेला ते पत्नीला फुले देत. १८४५ साली त्यांना मारी ही मुलगी झाली. त्याच सुमारास ते पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात परदेशी साहित्याचे प्राध्यापक होते. व्याख्याने, परीक्षा, ग्रंथलेखन, संसार आणि मधूनमधून आजारपण. तरी गरिबांच्या घरची फेरी त्यांनी सोडली नाही. गरिबाच्या खोलीत शिरताना ते टोपी काढून, मोठ्या माणसाच्या घरी जावे तसे जात.

एका नववर्षाच्या दिवशी त्यांना कळले की एका गरीब कुटुंबाने आपले खणांचे जुने कपाट गहाण टाकले आहे. चांगल्या दिवसांची तेवढीच खूण त्या घरात उरली होती. ते सोडवून द्यावे असे त्यांच्या मनात आले, पण अमेलीने व्यवहाराची बाजू दाखवली आणि त्यांना ती पटली. संध्याकाळी मुलीच्या भोवती खेळणी आणि मिठाई होती. ओझानाम मात्र उदास बसले होते. त्यांना मिठाई गोड लागेना. कारण कळताच अमेलीनेच त्यांना जायला सांगितले. ते गेले, कपाट सोडवून त्या कुटुंबाला दिले आणि आनंदाने घरी परतले. संसारी माणसाच्या दानाला घरच्यांचीही साथ लागते, हे आपल्याला पटण्यासारखे आहे.

मात्र दानाने सर्व प्रश्न सुटतात असे त्यांनी कधी मानले नाही. लिऑनच्या रेशीम विणकरांचे हाल त्यांनी पाहिले होते. कामगाराला योग्य मजुरी मिळाली पाहिजे, गरिबीची कारणे शोधली पाहिजेत, असे ते शिकवीत आणि लिहीत. पोप तेरावे लिओ यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक १८९१ साली निघाले, त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधीची ही गोष्ट. १८४८ च्या जून महिन्यात पॅरिसच्या रस्त्यांवर कामगार आणि सैन्य समोरासमोर आले. तेव्हा ओझानाम आणि त्यांचे दोन मित्र आर्चबिशप आफ्र यांच्याकडे गेले आणि समेटासाठी पुढे होण्याची त्यांनी विनंती केली. आर्चबिशप तिथे गेले, त्यांना गोळी लागली आणि दोन दिवसांनी ते मरण पावले. शांतीची किंमत किती असते हे ओझानाम यांनी असे जवळून पाहिले.

मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांची प्रकृती ढासळत गेली. हवापालटासाठी ते इटलीत गेले, तर तिथेही संस्थेच्या शाखा वाढवण्यात ते गुंतले. परतताना मार्सेय बंदरात ८ सप्टेंबर १८५३ रोजी त्यांनी प्राण सोडला. तो पवित्र मरियेच्या जन्माचा सण होता, ज्याला धरून आपल्याकडे वांद्र्याची जत्रा भरते. त्यांचे वय अवघे चाळीस होते. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. जागतिक युवा दिनासाठी जगभरातले तरुण तेव्हा त्या शहरात जमले होते. ९ सप्टेंबर हा त्यांचा स्मरणदिन. त्यांची संस्था आज सुमारे दीडशे देशांत काम करते आहे.

बंधुभगिनींनो, आज सेवा करणाऱ्या मंडळांना आणि क्लबांना तोटा नाही. त्यांची कामे चांगली आहेत, त्यांचा आदर करू या. पण बॅनर लावून वह्या वाटणे एका दिवसात होते. एकाच घरी दर आठवड्याला जाणे, बसणे, ऐकणे, हे अवघड आहे. आपण वर्गणी देतो, पण वेळ देताना हात आखडतो. नोकरी आहे, लोकल गाठायची आहे, मुलांचा अभ्यास आहे, असे आपण म्हणतो. ओझानाम यांच्याकडेही हे सारे होते, शिवाय दुखणेही होते.

आपल्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे की ते अवघ्या विसाव्या वर्षी हे काम करू लागले. पैसा नव्हता, अनुभव नव्हता. होते ते थोडे सरपण. आपल्या शेजारी एखादी एकटी म्हातारी असेल, कोणी अंथरुणाला खिळलेला असेल, एखाद्या घरात दारूने रोज भांडण होत असेल. या रविवारी मिस्सा झाल्यावर त्यातले एक घर मनात ठरवावे आणि आठवडा संपण्यापूर्वी तिथे जाऊन यावे. दुसऱ्या कोणाला बरोबर घ्यावे, कारण संस्थेचे सभासदही दोघे-दोघे मिळूनच जातात. आणि तिथे काय पाहिले ते चारचौघांत सांगू नये.

धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम, आम्हांसाठी विनंती करा.