गिरणीतला विद्यार्थी : डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन

आफ्रिका खंडातील प्रवासांमुळे डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्या अरण्यात शिरण्यापूर्वी कॉलेजाच्या दारापर्यंत पोहोचण्यास त्यांना जी वाट तुडवावी लागली, तिची हकीकत मोलमजुरी करून पोट भरणाऱ्या कुटुंबांनी विशेष लक्ष देऊन वाचण्याजोगी आहे.

ता. १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडातील ब्लँटायर गावी त्यांचा जन्म झाला. गिरणीच्या चाळीतील एकाच खोलीत आईबाप व मुले राहत. बाप घरोघर फिरून चहा विकी. मिळकत अपुरी, म्हणून डेव्हिडला दहाव्या वर्षीच सुताच्या गिरणीत घालण्यात आले. तुटलेले धागे सांधणे हे त्याचे काम. वेळ सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत.

पहिल्या आठवड्याच्या मजुरीतील काही पैसे देऊन त्याने लॅटिन व्याकरणाचे पुस्तक विकत घेतले. त्या काळी लॅटिनवाचून उच्च विद्येत पाऊल टाकणे कठीण होते, आणि मजुराच्या मुलाला ती भाषा दिवसा शिकविणार कोण? सुदैवाने गावात रात्री आठ ते दहा शाळा भरे व पंतोजीच्या वेतनाचा काही भाग गिरणीवाले देत. डेव्हिड तेथे जाई, आणि घरी आल्यावर आई हातातून पुस्तक काढून घेईपर्यंत वाची. दिवसा तो पुस्तक यंत्रावर टेकवून ठेवी व जाता-येता एकेक वाक्य टिपी. गिरणीतील थोडीच मुले त्या शाळेत जात. दिवसभर पायांवर उभे राहिलेले लेकरू रात्री झोपी गेले, तर त्याला आळशी कोणी म्हणावे?

एकोणिसाव्या वर्षी डेव्हिड सूत कातणारा कामगार झाला. काम जड, पण मजुरी बरी. उन्हाळ्यात मिळवावे व हिवाळ्यात शिकावे असा त्याने बेत केला. १८३६ च्या हिवाळ्यात बापलेक बर्फ तुडवीत पायी ग्लासगोस गेले. दिवसभर हिंडूनही परवडेल असे बिऱ्हाड मिळेना. शेवटी आठवड्यास २ शिलिंग भाड्याची एक खोली सापडली. पण तेथे त्याचा चहा व साखर चोरीस जाऊ लागली, तेव्हा अडीच शिलिंगांची दुसरी घ्यावी लागली.

ऑक्सफर्डास त्या काळी इंग्लंडच्या राजमान्य मंडळीची ३९ कलमे मान्य केल्यावाचून प्रवेश नसे. ती अट १८५४ साली निघाली. स्वतंत्र मंडळीच्या ह्या मजुराला ते दार दुहेरी बंद होते. ग्लासगोत मात्र १७९६ साली स्थापन झालेले अँडरसन विद्यालय होते. तेथे तो वैद्यकी शिकू लागला. १८३७ च्या एप्रिलात तो पुन्हा गिरणीत कामास लागला. तरीही दुसऱ्या वर्षाला पैसे पुरेनात, तेव्हा वडील भावाने हात दिला. १८३८ साली लंडन मिशनरी सोसायटीने त्याला पत्करले, आणि १८४० च्या नोव्हेंबरात तो परवानाधारक वैद्य व दीक्षित पाळक झाला. पुढील महिन्यात तो आफ्रिकेस निघाला.

वाचकहो, बुद्धी व चिकाटी त्याच्या ठायी होतीच. परंतु रात्रीची शाळा, उन्हाळ्याची मजुरी, खुले विद्यालय व भावाचा हात, ह्यांतील एकही नसते, तर ते पुस्तक यंत्रावरच राहिले असते. अशी किती पुस्तके यंत्रांवर राहिली, ह्याची गणती कोणी केली नाही.

१८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत निवर्तले. ज्या झाडाखाली त्यांचे हृदय पुरले, त्यावर नाव व तारीख कोरणारा जेकब वेनराइट हा गुलामगिरीतून सुटलेला, आमच्या नाशिकच्या शरणपुरात शिकलेला तरुण होता. कोणी तरी त्यालाही अक्षरे शिकविली होती.

म्हणून मंडळीतील हुशार मुलाची नुसती वाखाणणी करून थांबू नये. तो किती तास राबतो, कोठे निजतो, आणि दुसऱ्या वर्षाची फी कोण भरणार, हेही विचारावे. पहिल्या वर्षी निरोप देण्यास सारा गाव येतो; दुसऱ्या वर्षी भावाची गरज पडते.